सर, फोंड्याच्या वाचनालयाचा सर्व्हर उठला

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नकोस, असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'सर'. पण चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर असताना, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान आणायचं सोडून, भर पावसात तुम्ही डिचोलीहून दोन बसी बदलून फोंड्याला आलात. हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

वाचनालयाचा जुना संगणक शेवटच्या घटका मोजत होता. देवघेवीच्या नोंदी आणि वर्गणीचा हिशेब ज्या लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) आहे, ते मी व्हर्च्युअलबॉक्समधून नव्या संगणकावरच्या केव्हीएममध्ये हलवलं; दोन्ही अशी मशीनं चालवणारी सॉफ्टवेअर. सुरू केलं तर पडद्यावर एकच ओळ : '/डेव्ह/एसडीए१ डज नॉट एक्झिस्ट', म्हणजे डिस्कचा पहिला भाग सापडत नाही. त्याखाली इनिट्रॅमएफएसचा, म्हणजे डिस्क हाती येण्याआधी चालणाऱ्या छोट्या तात्पुरत्या सिस्टमचा, रिकामा प्रॉम्प्ट.

केव्हीएमच्या व्हर्टआयओ, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेल्या जोडणीच्या, डिस्कला एसडीए नाही, व्हीडीए म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेन्यूत 'ई' दाबून नाव बदललं. आता 'एसडीए१ नाही'च्या जागी 'व्हीडीए१ नाही' आलं. दोन संध्याकाळी याच फुगडीत गेल्या.

तुम्ही कीबोर्डला हातसुद्धा लावला नाहीत. फक्त विचारलंत, "ब्लकआयडी कितें दाखयता?" ब्लकआयडी म्हणजे दिसणाऱ्या डिस्कांची यादी देणारी आज्ञा; ती काहीच दाखवत नव्हती. "मग नावावरून का भांडतोस? त्याला डिस्कच दिसत नाही."

तिथे माझी ट्यूब पेटली. बूट पार्टिशनवर जागा वाचावी म्हणून मी कधीतरी इनिट्रॅमएफएसच्या सेटिंगमध्ये 'मॉड्यूल्स'पुढे 'मोस्ट' (बहुतेक सगळे) काढून 'डेप' लिहिलं होतं. म्हणजे त्या वेळच्या यंत्राला लागतील तेवढेच ड्रायव्हर आत. जुन्या मशीनची डिस्क साटा या नेहमीच्या जोडणीची, त्यामुळे व्हर्टआयओचा ड्रायव्हर आत घेतलाच नव्हता. ड्रायव्हर नाही तर डिस्क कुठून दिसणार, आणि तिला नाव कोण देणार?

तुमचा उपाय ऐकून आधी हसू आलं. डिस्क पुन्हा साटावर जोड म्हणालात. जोडली, आणि मशीन मुकाट उठलं! मग आतूनच 'मोस्ट' केलं, इनिट्रॅमएफएस नव्यानं बांधलं. ग्रब खरं तर एसडीए१ सारख्या नावाऐवजी आपणहून यूयूआयडीच, म्हणजे फाइलसिस्टमचा स्वतःचा ओळखक्रमांकच, लिहितो. पण त्याच्या फाइलमध्ये यूयूआयडी बंद करणाऱ्या ओळीपुढची हॅशची खूण (ती असली की ओळ लागू होत नाही) कुणीतरी काढली होती. कुणीतरी म्हणजे मीच. कुठलंसं वाचून. तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत. खूण परत घातली, ग्रबचा मेन्यू नव्यानं लिहिणारं अपडेट-ग्रब चालवलं, मशीन बंद करून डिस्क व्हर्टआयओवर आणली.

उठलं, पण वाटेत अडलं. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत, रूटची (मुख्य भागाची) ओळ सुधारली होती, स्वॅपची (मेमरीला पूरक जागेची) एसडीबी१ तशीच ठेवली होती. स्वॅपला कोण विचारतो! "मोज," म्हणत तुम्ही चहाचा कप उचललात. बरोबर ९० सेकंद सिस्टमडी, म्हणजे बाकीचं सगळं सुरू करणारा प्रोग्राम, त्या नसलेल्या एसडीबी१ ची वाट बघत बसला, मग पुढे गेला.

तेव्हा तुम्ही म्हणालात ते अजून कानात आहे : "एसडीए तें नांव न्हय रे, रांगेंतलो नंबर." आणखी एक डिस्क जोडली की रांग बदलू शकते, कर्नल (लिनक्सचा गाभा) कसलीच हमी देत नाही. यूयूआयडी मात्र फाइलसिस्टममध्येच लिहिलेला असतो. डिस्क साटावर असो की व्हर्टआयओवर, तो तिच्यासोबत जातो. कर्नलला एकट्याला तो शोधता येत नाही, शोधायचं काम इनिट्रॅमएफएसचं, हेही मला त्या दिवशीच कळलं. इतकी वर्षं मी त्याला निव्वळ अडगळ समजत होतो.

निघताना दारातून ओरडलात, डिस्कच्या कॉपीचा यूयूआयडीही तोच असतो, दोन्ही एकाच मशीनला जोडू नकोस. मी बॅकअपची कॉपी अगदी तशीच जोडणार होतो, सर. आता ती वेगळ्या ड्राइव्हवर कपाटात आहे.

तुमची छत्री काउंटरमागे टांगली आहे. चवथ झाली की डिचोलीला आणून देतो.

आपला,
वाचनालयाचा हिशेब बघणारा