जुन्या १०३५ ट्रॅक्टरसाठी घेतलेल्या सदोष ऑइल पंपाबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा, ट्रॅक्टर सुटे भाग विभाग

विषय: आपल्या ऑइल पंपामुळे क्रँक खराब झाल्याबद्दल व नुकसानभरपाई मिळण्याबाबत

महोदय,

आपला नवा पंप बसवूनही ऑइल प्रेशर पडते, म्हणून आपल्या हेल्पलाइनवर मी चार वेळा बोललो. चारही वेळा बोलणे एकाच वाक्यावर येऊन थांबले: "साहेब, इंजिन जुनं आहे, प्रेशर एवढंच राहणार." म्हणून आता कागदावर लिहीत आहे.

ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन १०३५, १९७८ सालचा. पर्किन्सच्या घडणीचे तीन सिलिंडरचे सिम्पसन इंजिन. वडील सेल मारला की आधी ऑइल प्रेशरच्या मीटरकडे बघायचे आणि काटा उठल्याशिवाय क्लचवर पाय ठेवायचे नाहीत. "काटा उठला का?" असे आमच्या घरात अजूनही सकाळी झोपलेल्या पोरांबद्दल विचारतात. हे सांगतो ते एवढ्यासाठी, की या इंजिनाचे प्रेशर गरम झाल्यावर किती असते हे मला आपल्या हेल्पलाइनवरच्या मुलाने शिकवायची गरज नाही.

यंदा खंडेनवमीच्या आधी इंजिनाचे काम काढले. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, घासून वीस साइज केला (वीस थाऊने बारीक; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). त्याच मापाची मेन (क्रँक ज्यात फिरतो ती) आणि बिगेंड (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथली) बेअरिंग टाकली. पंप जुना होता पण चालत होता. तरी या इंजिनात पंप पुढच्या मेन कॅपवर बसतो, चेंबर, म्हणजे खालची तेलाची टाकी, ओतीव बिडाचे, उतरवायला दोन माणसे लागतात. एवढा खटाटोप केलाच आहे तर पंपही नवा टाकू, असे मीच मिस्त्रींना म्हणालो. ते नको म्हणत होते. तालुक्याच्या दुकानातून आपला पंप रु. २,६५० ला आणला. खोक्यावर "१०३५ साठी, मूळ दर्जाचा" असे छापले आहे. पंपात तेल भरून, डिझेल बंद करणारा स्टॉप ओढून, काटा हलेपर्यंत सेल मारून मगच इंजिन सुरू केले. कोरडा पंप फिरवला असा आरोप कोणी करू नये म्हणून हे लिहून ठेवतो.

गार इंजिनावर ४५ पौंड दिसले. पूजा झाली, पेढे वाटले. सोयाबीनच्या मळणीला तासभर चालवला आणि काटा १२ वर आला. स्लोला जेमतेम ५. या इंजिनाला गरम असताना, पूर्ण फेऱ्यांवर ३० ते ६० पौंड पाहिजेत. टॅपेट कव्हर काढून बघितले तर वरच्या रॉकरवर तेलाचा ओघळ नाही, नुसती ओल.

आधी मीटरवर संशय घेतला. मिस्त्रींनी त्यांचे तपासणीचे मीटर थेट ब्लॉकला लावले, त्यावरही १२. फिल्टर बदलला. डिपस्टिकवरचे तेल बोटावर चोळून बघितले: डिझेलचा वास नाही, पातळीही वाढलेली नाही. म्हणजे फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल चेंबरात उतरले असेही नाही. तेव्हा आपल्याकडे पहिला फोन केला.

उत्तर मिळाले, "२०डब्ल्यू-५० तेल टाका." म्हणजे जास्त घट्ट तेल. टाकले. काटा गरम असताना १२ चा २० झाला, पण पहाटेच्या गारठ्यात तो उठायला आठ-नऊ सेकंद लागू लागले. आधी दोनात उठायचा. तेवढा वेळ बेअरिंग मागच्या दिवशी राहिलेल्या तेलावर फिरत होती. आपल्या तांत्रिक विभागाला हे माहीत असेलच, पण हेल्पलाइनला कोणी सांगितलेले दिसत नाही: मीटर तेल किती गेले ते दाखवत नाही, तेलाची अडवणूक किती होते ते दाखवते. पंप तेल ढकलतो, बेअरिंगच्या बारीक फटी त्याला अडवतात, त्यातून प्रेशर तयार होते. घट्ट तेल टाकून काटा वर येतो, बेअरिंगला तेल मात्र जास्त मिळत नाही.

दुसऱ्या फोनला सल्ला मिळाला, की रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे एक वॉशर घाला. रिलीफ व्हॉल्व्ह जास्तीचे प्रेशर चेंबरात सोडून देतो, तो धरणाचा सांडवा आहे. धरण तळाला गेले असताना सांडव्याची उंची वाढवून काय होणार? मिस्त्री फोनवर ऐकत होते. ते काही न बोलता बिडी पेटवायला बाहेर गेले.

दिवाळीनंतर पुन्हा चेंबर उतरवले. पंप जिथून तेल ओढतो ती जाळी स्वच्छ होती. बेअरिंगच्या पाळ्यांवरचा करडा थर उडून मधोमध तांबूस पट्टा दिसत होता. दोन नंबरच्या बिगेंडला तर नखाला लागतील अशा रेषा, आणि त्याच रेषा क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर. जेमतेम महिनाभर चाललेली बेअरिंग होती ती.

मग आपला पंप बाकावर घेतला. झाकण काढले, बॉडीच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि पट्टी व रोटर (पंपाचा आत फिरणारा भाग) यांच्यामध्ये फिलर गेज, म्हणजे फट मोजायची थाऊच्या मापाची पातळ पाने, घातले. तीनचे पान सहज गेले, सहाचे गेले, नवाचे गेले. अकरा थाऊचे पान किंचित घासून गेले. ही फट एक ते तीन थाऊ पाहिजे. मग आमचा भंगारात टाकायला काढलेला जुना पंप उघडला. तो चारवर अडकला. इतकी वर्षे फिरलेला पंप चार थाऊ आणि खोक्यातून आलेला कोरा पंप अकरा थाऊ! आपल्याकडे बॉडीचे तोंड मापात फेस करून, म्हणजे सपाट कापून, घेतच नाहीत की काय, अशी शंका येते.

अशा फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. तीनच्या जागी अकरा म्हणजे जवळपास पन्नासपट. गार, घट्ट तेल अशा फटीतूनही फार सुटत नाही, म्हणून सकाळी ४५ पौंड दिसतात. तेल तापून पातळ झाले की पंप तेच तेल स्वतःच्या पोटात गरगर फिरवत बसतो. पेढे वाटले त्या दिवशी आम्ही यालाच फसलो.

आता क्रँक घासून तीस साइज करावा लागला. जुन्या पंपाचे तोंड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून घेतले आणि तोच बसवला. तेल पूर्वीचेच, मीटर तेच, मिस्त्री तेच. गरम इंजिनावर, मळणीच्या फेऱ्यांना ३८ पौंड मिळतात. इंजिन जुने असल्यामुळे प्रेशर कमी होते हे आपले म्हणणे इथेच संपते.

खर्च असा: पंप रु. २,६५०, ग्राइंडिंग १,८००, बेअरिंग २,४००, दोन वेळचे तेल ३,६००, मजुरी ५,०००. एकूण रु. १५,४५०. सोयाबीनच्या उरलेल्या मळणीला शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आणला, ते भाडे यात धरलेले नाही. या रकमेत न मावणारी गोष्ट वेगळीच आहे. दहा, वीस, तीस एवढेच साइज असतात. वीसवर हा क्रँक अजून बरीच वर्षे निघाला असता. आता तीस झाला, पुढे घासायला जागा नाही. क्रँकचा एक जन्म आपल्या पंपाने महिन्याभरात खाल्ला.

आपले वॉरंटी कार्डही वाचले. त्यात "दहा वर्षांपेक्षा जुन्या इंजिनांना लागू नाही" असे आहे. खोक्यावर ज्या मॉडेलचे नाव छापून आपण माल विकता त्या ट्रॅक्टरांत दहा वर्षांच्या आतला किती जणांकडे आहे? ही वॉरंटी मग कोणासाठी छापली?

माझी मागणी एवढीच: रु. १५,४५० पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यावेत, याच बॅचचे पंप दुकानांतून परत मागवून मोजावेत, आणि हेल्पलाइनवर वॉशरचा सल्ला देणे बंद करावे. उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही, आणि सदोष वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे.

बिल, वॉरंटी कार्ड आणि बेअरिंगचे फोटो सोबत जोडले आहेत. पंप मात्र पाठवत नाही. तो न घासता, न पुसता, फडक्यात गुंडाळून माझ्याकडे ठेवला आहे. आपला माणूस पाठवा, त्याच्यासमोर मोजू. येताना फिलर गेज त्याने स्वतःचे आणावे.

आपला,
एक ग्राहक
ता. वाळवा, जि. सांगली