ऐनाची साल आणि तुझा अर्ज

हर्णै, १२ ऑक्टोबर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, फिलाडेल्फियाच्या फेलोशिपचा अर्ज नाही करत. तिथे जगभरचे अभ्यासक येणार आणि माझा विषय काय, तर कोळ्यांची जाळी." मी बंदरावर होतो, लिलाव चालू होता, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय.

तुझ्या आजोबांची जाळी सुताची होती. खाऱ्या पाण्यात सूत कुजतं, म्हणून ठरावीक दिवसांनी ती ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायची. अंगणात तांब्याचा मोठा हंडा, खाली चूल, पाणी लालसर काळं होईपर्यंत उकळायचं, मग जाळं रात्रभर भिजत ठेवायचं आणि सकाळी पुळणीवर पसरायचं. मी लहान असताना एकदा लोखंडी कढई आणली, तर तुझ्या आजीने ती परत न्यायला लावली. "जाळं काळं पडतं नि तुटतं," म्हणाली. सालीत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, लोखंडाशी त्याचा संयोग झाला की शाईसारखा काळा रंग येतो आणि लोहामुळे सुताचा धागाही कमजोर होतो, हे मला कॉलेजात कळलं. आजी शाळेची पायरीही चढली नव्हती. पुढे इतकी वर्षं वर्गात टॅनिन शिकवलं, पण त्या हंड्याबद्दल मुलांना एकदाही सांगितलं नाही. याचं मला आज वाईट वाटतं.

मग नायलॉन आलं. वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या गटाने ते १९३५ मध्ये अमेरिकेत विल्मिंग्टनला, ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत बनवलं. आधी दात घासायच्या ब्रशचे केस, मग १९४० मध्ये बायकांचे पायमोजे. आपल्या किनाऱ्यावर त्याची जाळी आली आणि हंडा माळ्यावर गेला. नायलॉन कुजत नाही, म्हणून तर ते हवं होतं. आणि कुजत नाही म्हणूनच समुद्रात तुटून राहिलेलं जाळं वर्षानुवर्षं मासे अडकवत राहतं, आंजर्ल्याला अंडी घालायला येणारी कासवंही त्यात सापडतात. एका रेणूची ही गोष्ट विल्मिंग्टनपासून हर्णैपर्यंत येते. तिचं हे टोक तुझ्याइतकं जवळून कोणी पाहिलंय?

फिलाडेल्फियाची सायन्स हिस्टरी इन्स्टिट्यूट १९८२ मध्ये तिथल्या विद्यापीठात एक केंद्र म्हणून सुरू झाली, रसायनशास्त्राच्या इतिहासासाठीच. काही महिन्यांच्या आणि त्याहून लांबच्या फेलोशिप असतात, जुने दुर्मीळ ग्रंथ आहेत आणि रसायनशास्त्रज्ञांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींचा मोठा साठा आहे. ड्यू पाँट कंपनीचे जुने कागद मात्र विल्मिंग्टनच्या हॅग्ली ग्रंथालयात आहेत. तेही संशोधकांना अनुदान देतात आणि दोन्ही शहरं जवळजवळ आहेत. अर्जात नुसतं "मला शिकायचंय" लिहू नकोस. कुठल्या संग्रहातले कुठले कागद हवेत आणि ते तिथे जाऊनच का पाहायचे, हे स्पष्ट लिही. जाळ्यांच्या धाग्याबद्दल कंपनीने काय चाचण्या केल्या, कोणत्या देशांत विकायचं ठरवलं, असे प्रश्न. आणि पहिल्या परिच्छेदात आजीचा हंडा यायलाच हवा.

एमएस्सी करून तू इतिहासाकडे वळलीस तेव्हा लोक म्हणाले, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कंपनीत लागली असती. मीही तेव्हा गप्प राहिलो, तुझ्या बाजूने बोललो नाही. रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र रायांनी प्रयोगशाळा चालवता चालवता जुन्या पोथ्या चाळून भारतीय रसायनाचा इतिहास लिहिला, त्याचा पहिला खंड १९०२ मध्ये निघाला. तेव्हाच त्या लोकांना हे सांगायला हवं होतं.

दिवाळीला येशील तेव्हा मुलाखत घ्यायचं यंत्र घेऊन ये. आजीचं वय झालंय, पण तो विषय निघाला की ती अजून तासभर बोलते. काल विचारलं, साल किती वेळ उकळायची? म्हणाली, "वेळ नाय बघायचा, रंग बघायचा." कोणता रंग, ते मला नीट समजलं नाही. तिलाच विचार. सालीचा एक तुकडा पाकिटात घातलाय, बोटांना डाग पडेल.

आईचा आशीर्वाद.

तुझा,
बाबा