नोटिशीतले ६० दिवस

महोदय,
गृहकर्जाची थकबाकी ९० दिवसांवर गेली की बँक सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन कर्ज वसूल करण्याचा कायदा) कलम १३(२) खाली नोटीस धाडू शकते. ती घेतली नाही म्हणजे टळली, हा समज घर घालवतो. नोटीस दारावर डकवतात, वर्तमानपत्रातही छापतात. मुदत ६० दिवस. त्यात लेखी हरकत घ्या, दंडशुल्काचा हिशेब मागा, पोच जपा. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावेच लागते. ताब्याची नोटीस लागली, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरण. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही, हे कित्येकांना ठाऊकच नसते. एकरकमी तडजोडीत आधी मंजुरीचे पत्र, मग पैसे. आणि सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन आला तर तो नियमबाह्य आहे, हे खुशाल ऐकवा.

– एक वाचक, सातारा