आठवण : १७ जुलै, मृणालताईंचा स्मृतिदिन

सर्व सभासदांना,

दरवर्षीप्रमाणे १७ जुलैला संध्याकाळी साडेपाचला नेहमीच्या जागी जमायचं आहे. समाजवादी नेत्या मृणालताई गोरे यांना जाऊन २०१२ पासून इतकी वर्षं झाली, तरी गोरेगावात नळाला पाणी आलं नाही की म्हाताऱ्या बायकांना अजून त्यांचंच नाव आठवतं. पाण्यासाठी लढल्या म्हणून ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनीच दिलं होतं.

यंदा भाषणं नकोत. १९७२च्या महागाईविरोधी मोर्च्यांत ज्या लाटणं नाहीतर थाळी घेऊन उतरल्या, त्या आपल्यातल्या ज्येष्ठ भगिनींनी बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. ताईंनी ‘तूच बोल’ म्हणून माईक हातात दिला तेव्हा पाय कसे लटपटले, हे प्रत्येकीकडे सांगण्यासारखं आहे. (गेल्या वर्षी आम्हीच जास्त बोललो. चूक कबूल.)

हार, शाल, श्रीफळ आणू नये. जुनं लाटणं असेल तर जरूर आणा, टेबलावर मांडू. नव्या मुलींना सोबत घेऊन या. जिना चढवत नाही त्यांनी आदल्या दिवशी कळवावं, खालच्या खोलीत बसू. चहा आहे, कप मात्र घरून.

– कार्यवाह