हायपरलूप कितव्या पायरीवर होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या तंत्रज्ञानाच्या सामंजस्य करारांच्या बातम्या हल्ली सारख्या येतात. कधी एआय, कधी हवाई टॅक्सी. त्या वाचताना मला हटकून मुंबई-पुणे हायपरलूप आठवते: बहुतेक हवा काढून टाकलेल्या नळीतून प्रवासी डबे प्रचंड वेगाने पळवायची योजना. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ या गुंतवणूक परिषदेत ‘व्हर्जिन हायपरलूप वन’ या अमेरिकी कंपनीशी त्याचा करार झाला. पुणे-मुंबई २५ मिनिटांत! पुढच्या वर्षी राज्य सरकारने त्याला पायाभूत प्रकल्पाचा दर्जा दिला. खर्चाचा आकडा ७० हजार कोटींचा आणि गहुंजे ते उर्से असा ११.८ किलोमीटरचा पहिला टप्पाही आखून झाला.

करार झाला त्या दिवसापर्यंत मात्र त्या कंपनीच्या डब्यात एकही माणूस बसलेला नव्हता. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात अर्ध्या किलोमीटरची नळी होती आणि तीत रिकामा डबा ताशी ३८७ किलोमीटरपर्यंत पळाला होता. माणसे पहिल्यांदा बसली ती नोव्हेंबर २०२० मध्ये. एका वेळी दोघे, वेग ताशी १७२ किलोमीटर, सगळा प्रवास पंधरा-एक सेकंदांचा. (आपल्या वंदे भारतने त्याआधीच साध्या रुळांवरच्या चाचणीत १८० गाठले होते!) त्या चाचणीत एक पुणेकर अभियंताही बसला, त्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण २०२२ मध्ये कंपनीने शंभरावर कर्मचारी कमी केले, प्रवासी वाहतुकीचा नाद सोडून मालवाहतुकीचा रस्ता धरला आणि २०२३ संपता संपता गाशा गुंडाळला.

पिंपरीतल्या कारखान्यात माझी नोकरी झाली. तिथे पहिला नग पास झाला म्हणून कुणी लाइन सुरू करत नसे. पायलट लॉट, म्हणजे चाचणीपुरते थोडे नग, काढायचा, तो गाडीवर चढवून पळवायचा, मगच पुढची गोष्ट. ‘नासा’ने १९७०च्या दशकात याच विचाराची मोजपट्टी सुरू केली, तिच्यात आता १ ते ९ अशा पायऱ्या आहेत. १ म्हणजे नुसते तत्त्व माहीत आहे, ९ म्हणजे प्रत्यक्ष कामात वापरून सिद्ध झाले आहे. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान उद्योगांना अनुदान देणारी बायरॅकसारखी केंद्राची संस्थाही ही मोजपट्टी वापरते. म्हणजे पन्नास लाखांचे अनुदान मागणाऱ्या होतकरू उद्योजकाला पायरी विचारायची आणि ७० हजार कोटींच्या प्रस्तावाला मंडप घालायचा, असा हा न्याय आहे.

‘गार्टनर’ या अमेरिकी सल्लागार कंपनीचा १९९५ पासूनचा गाजावाज्याचा आलेख बरेच जण दाखवतात: आधी अपेक्षांचे शिखर, मग भ्रमनिरासाची दरी, मग हळूहळू चढण. मला तो फारसा पटत नाही. दरीत गेलेले प्रत्येक तंत्रज्ञान पलीकडे वर येतेच, असा भास त्यातून होतो. कोकण रेल्वेची स्कायबस, म्हणजे उंच मार्गाला खाली लटकून धावणारी गाडी, आठवा. मडगावला तिचा चाचणी मार्ग खरोखर उभा राहिला, २००४ मध्ये चाचणीतच अपघात होऊन एक कर्मचारी दगावला, आणि अखेर तो सांगाडा उतरवावा लागला. तिची किंमत फार मोठी होती. तरी निदान आधी बांधून, चालवून पाहिले गेले.

हायपरलूपचा पैसा मुख्यतः खासगी गुंतवणुकीतून यायचा होता, हे मान्य. संशोधनालाही माझा विरोध नाही; आयआयटी मद्रासमध्ये ४२२ मीटरच्या नळीवर काम चालू आहे, ते चालूच राहावे. त्याला कुणी २५ मिनिटांचे तिकीट विकत नाही, एवढाच फरक.

सरकारने यापुढे अशा प्रत्येक कराराच्या प्रसिद्धिपत्रकात तंत्रज्ञानाची पायरी आणि ती तपासणाऱ्या त्रयस्थ संस्थेचे नाव द्यावे. ते नसेल तर आपल्या वार्ताहरांनी विचारावे, आणि बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात छापावे: आजवर यात किती माणसे बसली, किती अंतर गेली, आणि जगात कुठे हे रोज चालू आहे.

– एक निवृत्त अभियंता, चिंचवड