मजुरांचा हिशोब महिन्याच्या महिन्याला करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातारा-कागल महामार्गाचे सहापदरीकरण का लांबले, असे विचारले की ‘मजूर टिकत नाहीत’ हे उत्तर हमखास कानावर येते. पुलांच्या कामांवर सुपरवायझर म्हणून माझी २५ वर्षे गेली. मजूर का जातो, ते मी जवळून पाहिले आहे.

नदीपात्रातले काम पावसाळा सरल्यावर सुरू होते आणि जूनमध्ये थांबते. बिहार-झारखंडच्या मजुरांची छठ, होळी, गव्हाची काढणी याच काळात येते. तो गावी जाणारच. परत यावा म्हणून ठेकेदार आठवड्याला फक्त खर्ची, म्हणजे खाण्यापिण्यापुरते पैसे, देतात आणि बाकी मजुरी अडवून ठेवतात. ऊसतोड टोळीला उचल देऊन बांधतात, इथे माणसाला त्याच्याच घामाच्या पैशाने बांधतात. हे मला तेव्हाही पटत नव्हते.

कृष्णेवरच्या एका कामावर होळीला गेलेली सळई बांधणारी अख्खी टोळी परतलीच नाही. मुकादमाला फोन केला. तो म्हणाला, “साहेब, तीन महिन्यांचा हिशोब बाकी आहे. पोरं दुसरीकडे लागली.” पिअर कॅपच्या, म्हणजे पुलाच्या खांबावरच्या आडव्या तुळईच्या, अर्धवट सळया सगळा पावसाळा गंजत राहिल्या. नवी टोळी आली, तिला कव्हर ब्लॉक (सळई काँक्रीटच्या आत राहावी म्हणून लावायचे छोटे ठोकळे) कुठे बसवायचे इथपासून शिकवावे लागले. पुढच्या कामावर ठेकेदाराने दर महिन्याला मजुरी थेट खात्यावर जमा केली. होळीनंतर बहुतेक जण आपणहून आले, काहींनी भावालाही सोबत आणले.

राहण्याचेही तेच. कोयना धरण बांधताना काम करणाऱ्यांसाठी कोयनानगरची वसाहत उभी राहिली. आज एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या एका खोलीत दहा-बारा जण झोपतात.

वेतन संहिता, २०१९ प्रमाणे महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत आणि काम सोडणाऱ्याचा हिशोब कामाच्या २ दिवसांत द्यायचा आहे. सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा विभागांना माझी कळकळीची विनंती आहे : ठेकेदाराचे चालू बिल (काम सुरू असताना झालेल्या कामापुरते दिले जाणारे) मंजूर करण्यापूर्वी मागच्या महिन्याची मजुरी खात्यांवर जमा झाल्याचा बँकेचा कागद मागा. बिलासोबत मोजमाप पुस्तिका तपासता, तसाच हाही कागद तपासा.

— एक निवृत्त सुपरवायझर, कराड