रशियन स्काऊटांना जुन्नरच्या वाटेवर बोलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी मुलांशी सांस्कृतिक देवाणघेवाण म्हटली की आपल्याकडे सभागृह, स्वागतगीत, लेझीम आणि शाल-श्रीफळ एवढे ठरलेले असते. पाहुणी मुले हॉटेलात उतरतात, आपली मुले संध्याकाळी घरी जातात आणि ओळख म्हणावी अशी कुणाचीच होत नाही. अनेक वर्षे शाळेचे स्काऊट पथक सांभाळलेला शिक्षक या नात्याने मला सुचवावेसे वाटते की, रशियन मुलांशी संबंध जोडायचा तर तो स्काऊटांच्या मोहिमेतून, म्हणजे पाठीवर सामान घेऊन एकत्र चालण्यातून आणि एका चुलीवर रांधण्यातून जोडावा.

रशियातील स्काऊट चळवळीचा इतिहास आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. ओलेग पंत्युखोव या लष्करी अधिकाऱ्याने 30 एप्रिल 1909 रोजी सेंट पीटर्सबर्गजवळच्या पावलोव्स्क येथे मोजक्या मुलांचा पहिला संघ काढला. क्रांतीनंतर, 1922 मध्ये पायोनियर ही सोव्हिएत मुलांची संघटना उभी राहिली. तिने गळ्यातला स्कार्फ, शेकोटी आणि सज्जतेचे ब्रीद स्काऊटांकडूनच उचलले, पण खुद्द स्काऊटांना देशात जागा उरली नाही. देशोधडीला लागलेल्या रशियन कुटुंबांनी ही चळवळ परक्या मुलखात जपली आणि 1990 च्या सुमारास ती मायदेशी पुन्हा रुजली.

मधल्या काळात परदेशी मुलांना सोव्हिएत मुले भेटत ती क्रिमियातील आर्तेकसारख्या सरकारी शिबिरांत. 1983 मध्ये सामंथा स्मिथ ही अकरा वर्षांची अमेरिकन मुलगी तिथे राहून आली. त्या मुलांनी एकमेकींना लावलेला जीव खोटा नव्हता, पण भोवती सतत कॅमेरे होते आणि कार्यक्रम मोठ्यांनी आखलेला होता. सहा-आठ मुलांचा संघ आणि त्यांच्यातलाच संघनायक जेव्हा स्वतःची वाट स्वतः शोधतो, तेव्हा मुलांना मिरवायला कुणाला वावच मिळत नाही, म्हणून माझा भर त्या पद्धतीवर आहे.

अशा मोहिमेसाठी आपल्याकडे एक वाट पंधराव्या शतकापासून तयार आहे. त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन घोडा विकण्यासाठी घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला, तिथून जुन्नरला गेला आणि पावसाळाभर तिथे राहिला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि पुढे परतही केला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. दोन्हीकडच्या मुलांनी रेवदंडा-चौल पाहून, पुढे नाणेघाट चढून, वरचा दगडी रांजण आणि सातवाहनांचा शिलालेख पाहत जुन्नरला उतरावे.

यात वेळापत्रकाची अडचण मोठी आहे. रशियन शाळांना जून ते ऑगस्ट सुट्टी असते, तेव्हा आपल्या शाळा सुरू झालेल्या असतात आणि घाटात पाऊस असतो. मात्र ऑक्टोबरअखेरीस तिकडे आठवडाभराची शरद ऋतूची सुट्टी असते आणि ती पुष्कळदा आपल्या दिवाळीच्या आगेमागे येते. पाहुण्यांनी मोहिमेआधी दोन दिवस घरोघरी राहावे आणि अंगणातल्या मातीच्या किल्ल्याला हात लावावा. जेवणाचेही आधी बोलून घ्यावे. शेकोटीवर टांगलेल्या भांड्यात कुट्टू नावाचे धान्य आणि डबाबंद मांस शिजवणे हे तिकडे नेहमीचे आहे, त्यामुळे शाकाहारी मुलांसाठी भांडे वेगळे लागेल. निखाऱ्यात भाजलेला बटाटा राख झटकून मिठाबरोबर खाणे मात्र त्यांना जितके प्रिय, तितकेच बिनभांड्याच्या स्वयंपाकात वांगी भाजणाऱ्या आपल्या मुलांनाही रुचेल.

2022 पासून चाललेल्या युद्धामुळे पालकांच्या मनात शंका येणारच. आज आपली मुले तिकडे पाठवावीत असे मीही म्हणणार नाही. तथापि, चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या सरकारच्या निर्णयासाठी दाराबाहेर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. मोहिमेत नेत्यांच्या तसबिरी, भाषणे आणि राजकीय घोषणा असू नयेत, आणि असेच आमंत्रण युक्रेनमधील स्काऊटांनाही जावे.

पुण्यातील ‘संगम’ या जागतिक गाईड केंद्रात 1966 पासून देशोदेशीच्या मुली येऊन राहतात, त्यामुळे परदेशी मुलांची राहण्याची सोय, आजारपण आणि पथ्यपाणी यांबाबत सल्ला घेण्यास लांब जावे लागणार नाही. रायगड आणि पुणे जिल्ह्यांच्या स्काऊट-गाईड कार्यालयांनी एकत्र बसून येत्या दिवाळीसाठी निदान एका छोट्या संघाची आखणी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त स्काऊट शिक्षक, अलिबाग